उच्च रक्तदाब आणि आपल्याकडील फळे

वडोदऱ्यातील खंडेराव मार्केट ही भव्य इमारत महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ साली बांधविली आणि तिला आपल्या आधीच्या पिढीतील राजांचे, खंडेराव महाराजांचे नाव दिले. इमारतीच्या दर्शनी भागात महानगरपालिकेची कचेरी आहे. मागील बाजूस भाजी, फळे व फुले यांचा बाजार भरतो. नर्मदेच्या व महीच्या खोऱ्यातील केळी, नवसारीकडील चिकू, उन्हाळ्यात तालाळ्याचा केसर आणि वलसाडचा हापूस, पावसाच्या तोंडाशी जांभळे, थंडीत पेरू असा वर्षाचा क्रम फळबाजारात ठरलेला असतो. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत पिढ्यान्पिढ्या राहणारी मराठी कुटुंबेही अशाच बाजारांवर पोसलेली आहेत.

अलीकडे फळांच्या खरेदीत एक नवा प्रश्न शिरला आहे. फळ गोड आहे का, ताजे आहे का, यांबरोबर "ब्लडप्रेशरला चालेल का?" असेही विचारले जाते. कोणी केळे पथ्याचे म्हणतो, कोणी ते वर्ज्य ठरवितो. कोणी रोज शहाळे पिऊन गोळी सोडल्याचे अभिमानाने सांगतो. या गोंधळात एक साधी गोष्ट नजरेआड होते. हातगाडीवर पेरू घेतला की विक्रेता त्याच्या चार फाकी करतो आणि न विचारता त्यांवर तिखट-मीठ भुरभुरतो. पेरूतील गुण आणि त्या मिठातील अवगुण हे दोन्ही एकाच घासाबरोबर पोटात जातात. फळांचा व रक्तदाबाचा संबंध समजून घ्यावयाचा असेल, तर फळाइतकेच त्या चिमटीकडेही पाहावे लागते.

रक्तदाब म्हणजे काय?

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त रोहिण्यांमध्ये जोराने ढकलले जाते. त्या वेळी रोहिणीच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. हृदय सैल पडते त्या क्षणीचा दाब हा खालचा आकडा. प्रौढ माणसात १२०/८० च्या आसपासचा दाब ठीक मानला जातो. वेगवेगळ्या दिवशी शांतपणे मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असेल, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ साली काढली. १९०५ साली रशियातील कोरोत्कोव्ह यांनी त्याला कानाने ऐकण्याची जोड दिली. आजही आरोग्य केंद्रात डॉक्टर किंवा परिचारिका दंडाला पट्टा बांधतात तो याच मार्गाने.

या विकाराचा सर्वांत मोठा धोका असा की, तो बहुधा दुखत नाही. डोके दुखले म्हणजे दाब वाढला आणि डोके हलके वाटले म्हणजे उतरला, ही समजूत चुकीची आहे. वर्षानुवर्षे काहीही न जाणवता रोहिण्या कठीण होत जातात आणि मग एके दिवशी पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मूत्रपिंडे निकामी होणे या रूपाने विकार प्रकट होतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधील प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी साधारणतः पाचांतील एकाचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा तो त्यावर औषध घेत होता. महाराष्ट्रातील प्रमाण त्याहून थोडे अधिकच होते. हा केवळ शहरातील खुर्चीवर बसणाऱ्यांचा रोग आहे, असे म्हणण्याचे दिवस गेले.

शेतातील पालाश आणि पानातील पालाश

शेतकऱ्यांना नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी सांगावी लागत नाही. केळीच्या बागेला पालाश किती लागते, हे केळी लावणारा कोणीही बागायतदार सांगू शकेल. हे पालाश म्हणजेच पोटॅशियम. झाड ते जमिनीतून उचलते, ते फळात उतरते आणि फळ खाणाऱ्याच्या शरीरात येते. उच्च रक्तदाबाच्या संदर्भात फळाचे जे मोल आहे, त्यातील मोठा वाटा या पालाशाचा आहे.

आपल्या शरीरात सोडियम आणि पालाश ही एकमेकांना तोलून धरणारी द्रव्ये आहेत. सोडियम आपल्याला मुख्यतः मिठातून मिळते. ते जास्त झाले की शरीर ते सौम्य करण्यासाठी पाणी धरून ठेवते, नळ्यांतून वाहणाऱ्या रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. पालाश पुरेसे मिळाले, तर मूत्रपिंडांना इशारा मिळतो आणि ती जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकतात. शिवाय पालाशामुळे रोहिण्यांच्या भिंतींतील स्नायू थोडे सैल पडतात. पालाश कमी पडले म्हणजे याच्या उलट घडते: मूत्रपिंडे मीठ सांभाळून ठेवू लागतात. फळे न खाणारा आणि खारट खाणारा माणूस असा दोन्हीकडून कोंडीत सापडतो.

माणसाचे मूत्रपिंड ज्या काळात घडले त्या काळात मनुष्य कंद, फळे, पाला आणि शिकार यांवर राहत होता. त्या अन्नात पालाश विपुल होते आणि मीठ जवळजवळ नव्हतेच. म्हणून शरीराला मीठ राखून ठेवण्याची सवय आहे, ते टाकण्याची फारशी नाही. आज ताटातील प्रमाण नेमके उलटे झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे आणि निदान ३,५०० मिलिग्रॅम पालाश मिळवावे. ५ ग्रॅम मीठ म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. भारतीय माणसाच्या पोटात प्रत्यक्षात याच्या दुपटीच्या आसपास मीठ जाते.

भात, फळे आणि साखर

रक्तदाबावर खात्रीच्या गोळ्या नव्हत्या, त्या काळी डॉक्टर काय करीत असत? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर या जर्मनीहून आलेल्या डॉक्टरांनी १९३९ च्या सुमारास एक विलक्षण पथ्य सुरू केले. रोग्यास केवळ भात, फळे, फळांचा रस आणि साखर द्यावयाची. मिठाचा कण नाही, तूप-लोणी नाही. अतितीव्र रक्तदाबाचे ज्यांचे आयुष्य महिन्यांत मोजले जाई असे काही रोगी या पथ्याने सावरले आणि ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्रावाचे डाग होते त्यांचे डाग पुसट झाल्याची छायाचित्रे केम्पनर दाखवू लागले. वैद्यकीय जगाला प्रथम ते खरे वाटेना. पथ्य मात्र इतके नीरस होते की, ते घरी सांभाळणे फार थोड्यांना जमले. आज मागे वळून पाहता, त्या यशाचे श्रेय फळांइतकेच, किंबहुना अधिक, मिठाच्या अभावाला आणि घटलेल्या वजनाला द्यावे लागते.

भारतात या विषयाला वेगळे वळण मिळाले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडील वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. याच कामासाठी त्यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. या इतिहासाचा दाखला देऊन "मग फळानेही दाब का उतरू नये?" असे विचारणारे भेटतात. दोहोंत फरक आहे. सर्पगंधेच्या मुळात रिसर्पिन हे प्रभावी द्रव्य असते, त्याची मात्रा मोजून द्यावी लागते आणि मात्रा चढली तर मन खिन्न होण्यासारखे दुष्परिणामही होतात. केळ्यात किंवा पपईत असे कोणतेही द्रव्य नाही. फळ हे अन्न आहे. त्याचे काम अन्नासारखे, हळूहळू आणि इतर जेवणाच्या सोबतीने होते.

ते किती होते, याचे चांगले मोजमाप अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मिळाले. तीत ४५९ प्रौढांना तीन गटांत विभागून आठ आठवडे तयार जेवण देण्यात आले. एका गटास नेहमीचे अमेरिकन जेवण, दुसऱ्यास भरपूर फळे व भाज्या, तिसऱ्यास फळे-भाज्यांबरोबर कमी स्निग्धांशाचे दूधदुभते व कमी चरबी. मीठ तिन्ही गटांत सारखेच ठेवले होते. ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा, नेहमीचे जेवण घेणाऱ्यांच्या तुलनेत, फळे-भाज्यांच्या गटात सुमारे ७ मिलिमीटरने आणि तिसऱ्या गटात सुमारे ११ मिलिमीटरने अधिक उतरला. पुढे २००१ साली याच आहारात मीठही कमी करून पाहण्यात आले, तेव्हा दाब आणखी खाली आला. एक गोळी योग्य मात्रेत वरचा आकडा साधारणतः ८ ते १० मिलिमीटरने उतरविते, हे लक्षात घेतले म्हणजे आहाराचे सामर्थ्य कळते. त्याची मर्यादाही कळते: १८० चा दाब केवळ फळांनी १३० वर येणार नाही.

या चाचण्यांतील लोकांना एकच एक फळ दिले नव्हते, दिवसातून आठ-दहा वेळा वाढलेली नाना प्रकारची फळे व भाज्या दिल्या होत्या, हे विसरता कामा नये. एकेका फळावर झालेल्या चाचण्या बहुधा थोड्या लोकांच्या आणि थोड्या आठवड्यांच्या असतात. "अमुक फळ खा, रक्तदाब गायब" असे छापील पत्रक हाती आले, तर त्यामागे अशी एखादी तुटपुंजी चाचणी असते किंवा काहीच नसते.

कोणत्या फळात किती?

शंभर ग्रॅम गरात पालाश किती असते ते ढोबळ मानाने सांगता येते. जात, जमीन आणि पिकण्याची अवस्था यांप्रमाणे आकडे बदलतात. पेरूत ते सुमारे ४०० मिलिग्रॅम, केळ्यात ३५०, शहाळ्याच्या पाण्यात २५०, डाळिंबात त्याच्याच जवळपास, चिकू, पपई व संत्रे यांत १८० ते १९०, आंब्यात १७०, कलिंगडात व अननसात ११० च्या आसपास. फणसाचे गरे पेरूच्या पंक्तीला बसतात. खजुरात पाणी कमी असल्याने ते आणखी पुष्कळ भरते, पण साखरही तितकीच दाट असते. या सर्व फळांत नैसर्गिक सोडियम जवळजवळ नसते. अपवाद शहाळ्याचा, त्यात ते थोडे असते.

या यादीत नवल वाटण्यासारखे एवढेच की, लौकिक केळ्याचा असला तरी पेरू त्याच्या पुढे आहे आणि तो स्वस्त आहे. पेरूत तंतुमय भागही भरपूर असतो. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून ४०० मिलिग्रॅम पालाश मिळते असे धरले, तर दिवसाची गरज केवळ केळ्यांनी भागविण्यास नऊ केळी लागतील. तसे कोणी करू नये. पालाशाचा मोठा भाग डाळी, कडधान्ये, पालेभाज्या, बटाटा, रताळे, सुरण आणि दूध यांतून यावयाचा असतो. फळे त्यात भर घालतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम फळे आणि ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. शंभर ग्रॅम म्हणजे एक केळे, एक लहान पेरू किंवा पपईच्या दोन फोडी. हे खेड्यातील कुटुंबालाही अशक्य नाही.

महाग फळ म्हणजे गुणकारी फळ, ही समजूत शहरांत बळावत चालली आहे. ज्या फळाला गुजरात शासनाने जानेवारी २०२१ मध्ये 'कमलम्' हे नाव दिले, ते ड्रॅगन फ्रूट कच्छमध्ये चांगले पिकते आणि खावयास हरकत नाही. परंतु रक्तदाबासाठी त्यावर खर्च करण्याचे कारण नाही. परदेशी सफरचंदात पालाश आपल्या पपईहूनही कमी असते.

आंब्याविषयी दोन शब्द वेगळे लिहावे लागतात. आंब्याने रक्तदाब वाढतो, ही भीती निराधार आहे; 'उष्ण' पडणे आणि रक्तदाब चढणे या भिन्न गोष्टी आहेत. पण आमरस-पुरीच्या जेवणात आंबा एकटा नसतो. रसात साखर, वर तूप, जोडीला तळलेल्या पुऱ्या, बाजूला खारट भजी. एप्रिल ते जून या महिन्यांत वजन दोन-तीन किलोंनी वाढले, तर रक्तदाब वाढण्यास तेवढे कारण पुरते. मग दोष आंब्याच्या माथी मारला जातो. मधुमेह असलेल्यांनी आंबा, चिकू व केळे यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे, आणि फळाचा रस काढण्याऐवजी फोडी खाव्यात. रसात चोथा जातो, साखर राहते, आणि तीन संत्री एका घोटात संपतात.

वडोदऱ्याच्या पानातील मीठ

फळांचा गुण मिठामुळे कसा उणा होतो, हे पाहावयाचे तर वडोदऱ्यासारखे दुसरे गाव सापडणे कठीण. गुजराती फरसाणाची आणि मराठी लोणची-पापडांची परंपरा येथे एकाच घरात नांदते. सकाळी फाफडा किंवा गाठिया, जोडीला कच्च्या पपईचा संभारो, संध्याकाळी शेव-उसळ, पाहुण्यांसमोर भाकरवडी आणि लीलो चेवडो, जेवणात आंब्याचे लोणचे, छुंदो, पापड, ताकात मीठ. यांपैकी कोणताही पदार्थ एकटा दोषी नाही, सर्व मिळून दिवसाचा हिशेब बिघडवितात. गाठिया-पापडांत मिठाखेरीज खाण्याचा सोडा किंवा पापडखार असतो. तोही सोडियमच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पेरूचाच हिशेब घ्या. दीडशे ग्रॅमच्या पेरूतून ६०० मिलिग्रॅम पालाश मिळते आणि सोडियम दोन-तीन मिलिग्रॅमच. त्यावर अर्धा ग्रॅम मीठ पडले की सोडियम २०० मिलिग्रॅम होते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा दहावा हिस्सा फळ खाण्यात संपला. पेरूतील पालाश त्यामुळे नाहीसे होत नाही, परंतु जे बाहेर टाकण्यास ते मदत करणार, तेच आपण वरून घातलेले असते. कैरी, जांभूळ, अननस, काकडी यांची हीच कथा. फळांच्या 'डिश'वर शिंपडला जाणारा चाट मसाला हाही मुख्यतः मीठच असतो. कोकमाचे खारवलेले आगळ, पन्हे व सोलकढी यांतही मीठ असते. मूळ फळाच्या नावावर ते खपून जाते. केळ्याच्या वेफरविषयी लिहावयाची गरज नसावी.

सैंधव हा आणखी एक गैरसमज. उपवासाला चालते म्हणून सैंधव निराळे, आणि निराळे म्हणून निरुपद्रवी, असे मानून रक्तदाबाचे रोगी ते निःशंकपणे वापरतात. सैंधव, खडे मीठ, समुद्रमीठ ही सारी रासायनिक दृष्ट्या बहुतांशी एकच वस्तू होय. घरी खडे मीठ किंवा सैंधव वापरल्यास आयोडीन मात्र मिळेनासे होते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा खारा चिवडा आणि तळलेले वेफर खाण्याऐवजी केवळ फळे व दूध घेतले, तर तो दिवस रक्तदाबाच्या दृष्टीने वर्षातील चांगल्या दिवसांपैकी एक ठरेल.

अळणी खाण्याची परंपरा गुजरातेत नाही असे नाही. आषाढ शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत लहान मुली गौरीव्रत करतात, त्याला मोळाकत म्हणतात. 'मोळुं' म्हणजे अळणी. टोपलीत जव्हारे पेरून त्यांची पूजा करावयाची आणि पाच दिवस मिठाशिवाय जेवावयाचे, असा हा नेम. वडोदऱ्यातील मराठी मुलीही शेजारच्या मैत्रिणींबरोबर हौसेने या व्रताची तयारी पाहतात. सहा-सात वर्षांची मुलगी पाच दिवस अळणी जेवू शकते, त्याच घरातील आजोबांना मात्र भाजीत मीठ कमी पडलेले एक दिवस चालत नाही. जिभेला कमी मिठाची सवय होण्यास काही आठवडे लागतात. तेवढा काळ निभावला की पूर्वीचे जेवण खारट वाटू लागते. तोवर लिंबू, चिंच, आमसूल, भाजलेले जिरे, मिरपूड, आले, कोथिंबीर यांनी चव राखता येते. पेरूलाही लिंबू आणि जिरेपूड पुष्कळ होते.

शाळांतील शिक्षकांना यातून गणिताचा एक चांगला पाठ काढता येईल. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी ५ ग्रॅम याप्रमाणे महिन्याला ७५० ग्रॅम मीठ लागावयास हवे, आणि त्यातच लोणची, पापड व बाजारचे फरसाण यांतील मीठही आले. विद्यार्थ्यांनी घरी मिठाची पिशवी महिन्यात किती वेळा आणली जाते याची नोंद करून वर्गात मांडावी. थोडे मीठ भांड्याबरोबर धुऊन जाते, हे जमेस धरूनही बहुतेक घरांतील आकडा मुलांना चकित करील.

ज्यांना फळेही जपून खावी लागतात

आतापर्यंत जे लिहिले ते मूत्रपिंडे शाबूत असलेल्यांसाठी होते. हा भेद लक्षात न घेतल्याने प्रसंगी प्राणावर बेतते.

जादा पालाश बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती दुबळी झाली की पालाश रक्तात साचते, आणि एका मर्यादेपलीकडे गेल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात. क्वचित हृदय एकाएकी थांबते. त्याची पूर्वसूचना मिळेलच असे नाही. दीर्घकाळ चाललेला उच्च रक्तदाब आणि मधुमेह हीच मूत्रपिंडे बिघडण्याची प्रमुख कारणे आहेत, म्हणजे ज्यांना फळे खाण्याचा सल्ला मिळतो त्यांच्यातच हा धोका असलेले अनेकजण असतात.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटावयास रिकाम्या हाती जात नाहीत. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या फाटकासमोर शहाळ्यांचा ढीग दिसतो तो यामुळेच. एका शहाळ्यातील पाण्यातून साधारण दोन केळ्यांइतके पालाश मिळू शकते. हगवणीने अशक्त झालेल्या तरुणाला ते पाणी उपयोगी पडेल. परंतु डायलिसिसवर असलेल्या किंवा मूत्रपिंडे कमजोर झालेल्या रोग्याला तेच प्रेमाने पाजणे म्हणजे त्याला संकटात लोटणे होय. संत्र्या-मोसंब्याचा रस, केळी, खजूर, डाळिंब यांविषयीही तेच. कमरख हे पाच धारांचे आंबट फळ तर अशा रोग्याने मुळीच खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात, दुबळी मूत्रपिंडे टाकू शकत नाहीत आणि त्यामुळे न थांबणारी उचकी, झटके, बेशुद्धी असे प्रकार घडतात.

औषधांचाही विचार करावा लागतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या रक्तातील पालाश थोडे वाढवितात. स्पायरोनोलॅक्टोन अधिक वाढविते. मूत्रपिंडे ठीक असतील तर या गोळ्या घेणाऱ्याने रोज एक-दोन फळे खाण्यास सहसा अडचण नसते, मात्र रक्ताची तपासणी अधूनमधून करावी. याउलट क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड यांसारख्या लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी पालाश कमी होते. अशांना फळांचा फायदा होतो. म्हणून शेजाऱ्याला डॉक्टरांनी केळे खावयास सांगितले, एवढ्यावरून आपण ते पथ्य उचलू नये. त्याची गोळी वेगळी असेल. चकोतरा म्हणजे ग्रेपफ्रूट हे फळ फेलोडिपिनसारख्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण बेसुमार वाढविते, हे कॅनडातील संशोधकांच्या १९८९ साली योगायोगाने ध्यानात आले. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनवर त्याचा परिणाम अल्प असतो. चकोतऱ्याच्याच कुळातील पपनस नेहमी खाणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना तसे सांगून ठेवावे.

बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळू लागले आहे. त्यात साध्या मिठाचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर पाच वर्षे चाललेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. फळांतील पालाशाविषयी जे म्हटले त्याला या चाचणीने मोठा दुजोरा मिळाला. मात्र गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना आणि पालाश वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यामुळे घरात असा रोगी असेल तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्यावाचून स्वयंपाकघरात आणू नये.

गोळी चालू असताना

फळांविषयीच्या अर्धवट माहितीने होणारे सर्वांत मोठे नुकसान म्हणजे सोडून दिलेली गोळी. दोन महिने गोळी घेतली, दाब १३० वर आला, त्याच सुमारास पपई खाणे सुरू केले होते. श्रेय पपईला मिळाले आणि गोळी बंद झाली. दाब पुन्हा चढतो, पण तो दुखत नसल्याने कळत नाही. मीठ कमी केल्याने, वजन उतरल्याने, तंबाखू व मद्य सोडल्याने आणि फळे-भाज्या वाढविल्याने काही जणांच्या गोळ्या खरोखर कमी करता येतात. ते ठरविणे मात्र दाब मोजून, डॉक्टरांनी करावयाचे असते.

तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या रक्तदाबाची व रक्तशर्करेची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते आणि नेहमीच्या गोळ्याही तेथे मिळतात. तपासणीपूर्वी अर्धा तास चहा, विडी-तंबाखू घेऊ नये. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा व मोजमाप चालू असताना बोलू नये. दाब अधिक निघाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यावा. ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनी रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम यांची तपासणी झाली आहे किंवा नाही हे विचारावे आणि झाली नसल्यास वर्षातून एकदा करून घ्यावी. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, त्यांत काढे व चूर्णेही आली, बरोबर न्यावीत आणि रोज कोणते फळ किती खाल्ले जाते तेही डॉक्टरांना सांगावे.